असिमाकिस फ्लेगास हे नाव

कस्तानोव्रिसी
२३ फेब्रुवारी २०२६, उपासाचा पहिला सोमवार

मान्थोस,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मग मी तुला तोडते, मग दोघंही बहिरे असल्यासारखे ओरडत बसतो. पत्रात तुला तोंड नाही. गपचूप शेवटपर्यंत वाचावं लागेल, नाहीतर फाडून टाकावं लागेल. काय करायचं ते कर.

आधी एक बोलून टाकते, म्हणजे पोटात राहायला नको. आपला भाऊ असिमाकिस गेला तेव्हा तू आला नाहीस. तुझा गुडघा दुखत होता. चाळिसाव्या दिवसाचे गहू शिजवले, वर साखर पसरून तिच्यात त्याचं नाव रेखलं, अख्खा गाव ओंजळ पुढे करून खाऊन गेला. तेव्हाही तू नाहीस. पुन्हा गुडघाच. बरं. आणि आता अथेन्सची बाई येऊन गेल्याची बातमी मोबाइलवर झळकल्याबरोबर तू पहिला फोन कुणाला केलास? मला नाही, असिमाकिसच्या मुलाला, आरिसला नाही. पोलिख्रोनिस देदूसिसला! ज्याच्या बापानं तुला कॉफीहाऊसच्या पायरीवर बसू दिलं नव्हतं, त्याला! "मी कपेतान मान्थोसचा वंशज बोलतोय, मेलबर्नहून," असं म्हणालास म्हणे. त्यानं ते साऱ्या कॉफीहाऊसला लाऊडस्पीकरवर ऐकवलं. लोक पोट धरधरून हसले. अरे, परवापरवापर्यंत तर तू मॅट फ्लेमिंग होतास ना?

तुझ्यापर्यंत काय तिखटमीठ लावून पोचलंय कोण जाणे, म्हणून झालं ते मीच सांगते.

कपेतान मान्थोस देदूसिस खिंडीत तुर्कांशी लढताना पडला त्याला येत्या जूनमध्ये दोनशे वर्षं होतात. मोठा सोहळा आहे, मंत्री येणार आहेत. म्हणून अथेन्सहून ही बाई आली, कपेतानचं रक्त आज कुणात आहे ते शोधायला. अर्थातच आधी पोलिख्रोनिसकडे गेली. आडनाव देदूसिस, दर वर्षी मिरवणुकीत चुणीदार झगा चढवून, कमरेला तलवार लावून कपेतान म्हणून घोड्यावर बसतो तोच. (घोडा आता त्याला घेऊन चालायला कुरकुरतो, इतका सुटलाय.) त्यानं बाईला कोकराचं मटण खाऊ घातलं. बाईनं जेवण झाल्यावर शांतपणे सांगितलं की तुमचा पूर्वज कपेतानचा चुलतभाऊ होता, कपेतान नव्हे. कपेतानचे दोन्ही मुलगे त्याच्याबरोबरच खिंडीत मेले. मग तिनं विचारलं, "मुलगी होती का?" पोलिख्रोनिस म्हणाला, "मुलींचा हिशोब कोण ठेवतंय, बाई?"

मग ती माझ्याकडे आली. मी अंगणात रानभाजी निवडत होते. तिनं विचारलं, मी सांगितलं. "होती मुलगी. रेइना. फ्लेगासांच्या घरात दिली. आम्ही तिचेच."

बाईच्या हातातलं पेन थांबलं. ज्यानं तुर्कांच्या मदतीला आलेल्या मिसरी फौजेला डोंगरातली वाट दाखवली आणि कपेतानला मारवलं, त्या असिमाकिस फ्लेगासच्या घरात कपेतानची मुलगी? मी म्हटलं, हो. त्या बदल्यात देदूसिसांनी त्या असिमाकिसला मारलं. त्याचा मुलगा आता बदला घेणार, मग ते पुन्हा आमच्यातला कुणीतरी मारणार. गावच्या म्हाताऱ्यांनी बसून वैर मिटवलं आणि मिटवायला त्याच मुलाला पोर दिली. मेलेल्याची पोर मारणाऱ्याच्या घरात. तेव्हाची रीतच ती. पोरीला कोण विचारतो!

तिला दोन मुलगे झाले. थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, असिमाकिस. धाकट्याला आईच्या बापाचं, मान्थोस. सगळा देश अशीच नावं ठेवतो. पण आपल्या घरात ठेवली तेव्हा गावाला वाटलं, हे फितूर निर्लज्ज, मुद्दाम कपेतानचं नाव वापरून खिजवतायत. आणि दोनशे वर्षं असंच वाटत राहिलं. कुणाच्या डोक्यात एकदाही आलं नाही की त्या पोरीनं फक्त आपल्या मेलेल्या बापाचं नाव पोराला ठेवलं असेल.

तुला आठवतंय ना? शाळेत तू उभा राहून म्हणालास, "कपेतान आमचापण आजोबा आहे, आजी सांगते." मास्तरांनी अशी लगावली की पाची बोटं उमटली. घरी आलास तेव्हा असिमाकिसनं तुला पंपावर नेऊन गालावर पाणी मारलं. मी मागे उभी होते. ते मी विसरलेली नाही, म्हणूनच तुझ्यावर पुरतं चिडताही येत नाही मला.

बाईनं नंतर कुठे कुठे जाऊन पडताळून पाहिलं. खरंच निघालं. तर हो, तू वंशज आहेस. अभिनंदन. पण दोघांचा आहेस, एकाचा नाही.

आरिस म्हणाला, त्याच्या बाळाला तू धर्मपिता होतोयस. ईस्टरनंतर बाप्तिस्मा आहे. चांगलं आहे. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बाळ गुटगुटीत आहे. अजून नाव नाही, म्हणून सगळे नुसतं 'बाळ, बाळ' करतात.

तुझी बहीण
गारुफालिया


२१ मार्च २०२६

मान्थोस,

पत्र मिळालं. टाइप करून पाठवलंस! बहिणीला की बँकेला?

तू लिहितोस, बाळाचं नाव मान्थोस ठेवायचं. तू धर्मपिता, नाव तुझ्या तोंडून निघणार, म्हणून तू ठरवणार. आणि लिहितोस, "असिमाकिस फ्लेगास म्हणजे तोच माणूस पुन्हा जिवंत केल्यासारखं आहे."

बरोबर. त्यालाच जिवंत करायचंय मला. फक्त माझा तो वेगळा आहे.

तू विसरला असशील म्हणून सांगते, या गावात पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतात. आरिसच्या बापाचं नाव असिमाकिस. जानेवारीत त्याला पुरला. आता घरात पहिला मुलगा आहे आणि त्याला काकाआजोबाचं नाव द्यायचं? का, तर तो काकाआजोबा अचानक मोठ्या घरचा निघाला म्हणून? मग माझा भाऊ कुठे जाणार? त्याला हाक कोण मारणार? आपल्यात माणूस मेला की त्याचं नाव पोरात उठतं, तेवढंच तर उठतं, बाकी काही उठत नाही.

तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. नंतरचं तुला काय ठाऊक? जन्मभर त्यानं बस चालवली. इथली पोरं खाली शहरातल्या शाळेत नेली आणि परत आणली. बर्फात, धुक्यात, दरड कोसळली तर पोरांना एकेक करून पाठीवर घेऊन पलीकडे सोडलं. अख्ख्या गावाला त्यानं ने-आण करून मोठं केलं. पोलिख्रोनिसचे दोन्ही पोरगे त्याच्याच बसमध्ये पाढे पाठ करायचे.

आणि जूनमध्ये तीच पोरं त्याच्या नावानं दगड मारायची. गावाबाहेरच्या शापाच्या दगडांच्या ढिगाकडे मिरवणूक जायची, पाद्री पापा-फोटिस पुढे, आणि सगळे ओरडायचे, "असिमाकिस फ्लेगासला शाप!" आपले बाबा त्या दिवशी खिडक्या लावून बसायचे. आपण खाटेखाली. असिमाकिसनं ते लपणं बंद केलं. तो बस घेऊन ढिगापाशी जायचा, कारण लहान पोरांना उन्हातून परत कोण चालवणार? दार उघडून उभा राहायचा. पोरं दगड मारून बसमध्ये चढायची. एकदा एक पोरगा शरमून म्हणाला, "काका, राग नको हं." तर हा म्हणतो, "राग कसला? नेम धरून मार. मागच्या वर्षी तुझा दगड माझ्या टपावर पडला होता, पोचा अजून आहे."

मी हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

तू विचारशील, मग तो पहिला असिमाकिस, त्यानं केलं ते नव्हतंच का? होतं. मी पांढरं करायला बसलेली नाही. वाट त्यानंच दाखवली. का दाखवली ते आजीला ठाऊक नव्हतं, तिच्या आजीला नव्हतं, मला नाही. बायकापोरांना धरलं होतं म्हणून, पैशासाठी, भीतीनं, देव जाणे. वाईट केलं. माणसं मेली. मी त्याचीही आहे आणि ज्यांना त्यानं मारवलं त्यांचीही आहे, आणि या वयात मी स्वतःला मधोमध चिरून अर्धी खिडकीबाहेर फेकणार नाही. तू फेकलीस. मॅट फ्लेमिंग! कुणाचा वंशज तो? कुठल्या खिंडीत लढला?

बाळाचं नाव असिमाकिस. हे मी मागत नाही, सांगते.

गारुफालिया


१९ एप्रिल २०२६

मान्थोस,

ख्रिस्त उठला आहे. तुलाही ईस्टरच्या शुभेच्छा. लाल अंड्यांच्या टकरीत आरिसच्या बायकोनं, दानाईनं, सगळ्यांना हरवलं.

तुझं पार्सल आलं. काय ते झबलं! आरिसनं माझ्यासमोरच उघडलं. रेशीम, आणि छातीवर निळ्या धाग्यानं 'मान्थोस'. टॉवेलवर 'मान्थोस'. मेणबत्तीच्या रिबिनीवर 'मान्थोस'. वाटायच्या बदामांच्या पुड्यांवरही सोनेरी 'मान्थोस'. आणि खाली चिठ्ठी, की गुडघ्यामुळे विमानात बसवणार नाही, व्हिडिओवर हजर राहीन, माझ्या जागी ताईला उभं करा.

म्हणजे खर्च तुझा, नाव तुझं आणि तोंड माझं.

थांब, अजून आहे. पार्सलच्या आधीच पोलिख्रोनिस आला होता. दारात उभा राहिला, टोपी हातात. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादा देदूसिस आमच्या दारात टोपी काढून उभा राहिला. मी कॉफी ठेवली. म्हणाला, "गारुफालिया, समितीनं ठरवलंय. सोहळ्यात तू पहिल्या रांगेत, मंत्र्यांच्या शेजारी. हार तू वाहायचास."

"मी कोण म्हणून?"

"कपेतानची वंशज म्हणून."

"नाव काय पुकारणार?"

तो कपात बघायला लागला. "श्रीमती गारुफालिया, एवढंच. आडनाव कशाला? मंत्री विचारात पडतील. आणि ते बाळ तुझ्या मांडीवर असेल. छोटा मान्थोस! फोटो काय झकास येईल!"

"आणि ढीग?"

"या वर्षी ढीग नको म्हणतोय आम्ही. वाईट दिसतं."

"दोनशे वर्षं वाईट दिसलं नाही?"

"तू ना, तोंडाची फार फटकळ आहेस."

"कॉफी पी, थंड होतेय. आणि समितीला सांग, मारा दगड. मी बघायला येईन. पण हार वाहायला मला बोलवाल तर फ्लेगासांची लेक म्हणून, 'गारुफालिया फ्लेगा' अशी बोलवा, नाहीतर तूच घोड्यावर बस."

तो गेला. साखर विरघळायच्या आधीच पळाला. पण मला पुरतं कळलं, की कपेतानचं रक्त त्यांना हवंय, फक्त आमच्या अंगातून काढून, धुऊन, दुसऱ्या भांड्यात घालून. आणि त्यांच्यासाठी ते धुण्याचं काम तू करतोयस, रेशमी झबलं पाठवून.

आता नीट ऐक. मी तुझ्या जागी उभी राहीन. पण 'मान्थोस' म्हणणार नाही. पाठीत सुरा खुपसत नाही, समोरून सांगते. तीन आठवडे आहेत. तुला ते नाव हवं असेल तर स्वतः ये, आपल्या पायांनी उभा राहा आणि आपल्या तोंडानं म्हण. आलास तर मी दाराशी उभी राहीन आणि चकार शब्द काढणार नाही, शपथ घेते. पण तू असिमाकिसला खांदा दिला नाहीस. निदान त्याला पुसायला तरी स्वतः ये.

गारुफालिया


४ मे २०२६

मान्थोस,

आरिसकडून निरोप मिळाला. तुझा हुकमाचा पत्ता पाहिला.

हो, म्हणाला होता. असिमाकिसनंच म्हटलं होतं, बाळ जन्मलं त्या आठवड्यात. "माझं नाव याच्या गळ्यात नको रे, आरिस. माझ्यावरच संपू दे." मी तिथेच होते, लोकर गुंडाळत. तुला लिहिलं नाही, कारण तू त्याचं हत्यार करशील हे मला ठाऊक होतं, आणि केलंस.

पण आरिसनं तुला पुढचं सांगितलं नसणार, कारण तो तेव्हा लाकडं आणायला गेला. असिमाकिसनं बाळाला उचललं, त्याच्याकडे बघत बसला आणि मग मला विचारलं, "माझ्यासारखा दिसतो का गं?" मी म्हटलं, नाकावरून तर हुबेहूब. तो इतका खूश झाला, की त्याला लपवता येईना. मग बाळ परत दिलं आणि बाहेर जाऊन बसमध्ये बसून राहिला. रिकाम्या बसमध्ये. मी खिडकीतून बघत होते.

असा माणूस "माझं नाव नको" म्हणतो तेव्हा तू त्याला इच्छा म्हणतोस? मी नाही म्हणत. बाबाही असंच म्हणाले होते, त्यांच्या आधीचेही म्हणाले असतील. आपल्या घरातले पुरुष दोनशे वर्षं स्वतःच्या नावाबद्दल माफी मागत मेले. असिमाकिसनं कुणालाही कधी दुखवलं नाही, म्हणून शेवटी स्वतःलाही खोडून द्यायला तयार झाला. मी तयार नाही. तो माझ्यावर रागावला असेल तर वर गेल्यावर भांडू आम्ही. तो काही भांडणाऱ्यातला नाही, मीच जिंकेन.

एक गोष्ट मात्र कबूल करते. मला भीती तुझी नाही, दानाईची वाटते. आई ती आहे. ती समुद्राकाठची मुलगी, आपल्या डोंगरातल्या भानगडी तिच्या डोक्यावर मी लादणार कोण? परवा ती आली, बाळाला कडेवर घेऊन. बसली नाही. म्हणाली, "आत्या, शाळेत याच्यावर दगड मारतील."

मी म्हटलं, "मारतील. मान्थोसवरही हात उगारला होता ना, आणि त्याचं नाव तर कपेतानचं होतं. फ्लेगास म्हटलं की मारतात, पुढे काहीही असो."

"मग आडनावच बदलू."

"बदला. एक बदलून बसलाय मेलबर्नला, विचार त्याला रात्री झोप कशी लागते."

ती चिडली. "तुम्हाला सगळं भांडणच वाटतं! मला मूल वाढवायचंय, झेंडा नाही!"

खरं बोलली. मी तिला बसायला सांगितलं, गोड वडी दिली. मग तिनंच विषय काढला, ती बाळंत झाली त्या दिवसाचा. रस्ता वाहून गेला होता, अँब्युलन्स खालीच अडकली, आणि असिमाकिसनं जुनी बस काढली. ती मागच्या लांब सीटवर आडवी, आरिस तिचा हात धरून रडतोय, आणि असिमाकिस पुढे बसून जोरजोरात थांब्यांची नावं पुकारतोय, जशी शाळेच्या पोरांसाठी पुकारायचा. "पुढचा थांबा गिरणी! पुढचा थांबा पूल!" दानाई म्हणाली, "मला कळत होतं की मी मरणार नाही, कारण अजून थांबे शिल्लक आहेत." सांगता सांगता रडली. मीही.

जाताना मी तिला विचारलं नाही, काय ठरवलंस. तिनंही सांगितलं नाही. बाळाची टोपी विसरून गेली.

तू पैसे परत मागतोयस असं आरिस म्हणाला. झबलं पाठवून देते. बदाम मात्र कामाला आले.

गारुफालिया


११ मे २०२६

मान्थोस,

काल तू फोन बंद केलास. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

जिथपर्यंत पाहिलंस तिथून सुरू करते. आरिसनं मोबाइल उंच धरला होता, तू त्यात सूट घालून बसला होतास. सूट छान होता. देऊळ गच्च भरलं होतं, बाळाच्या प्रेमानं नव्हे, नाव काय निघतं ते ऐकायला. पोलिख्रोनिस खांबाला टेकून. दानाई जुन्या रीतीप्रमाणे बाहेर, चौकातल्या झाडाखाली; नाव पुकारेपर्यंत आईनं आत यायचं नाही. मी बाळाला घेऊन उभी. विधीत सांगतात तसं सैतानाला धिक्कारून थुंकले, श्रद्धावचन म्हटलं, अडखळले नाही. मग पापा-फोटिसनं मान वर केली आणि विचारलं, "नाव?"

मी आधी मोबाइलकडे वळले. ते तू पाहिलंस. मी म्हटलं, "मान्थोस, धर्मपिता तू आहेस. बोल." तू बोलला नाहीस. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण चित्र थांबलं नव्हतं, तुझे ओठ हलत होते. मला तुझी दया आली, खरं सांगते. शाळेतून आला होतास तेव्हा होता तसाच चेहरा. मग मी वाट बघणं सोडलं.

"असिमाकिस," मी म्हटलं.

तेवढ्यात पडदा काळा झाला. तर पुढचं हे.

पापा-फोटिस हालेना. म्हाताऱ्यानं हे नाव दर जूनमध्ये शापापुरतंच उच्चारलंय. दफनाच्या वेळीसुद्धा पुटपुटून गिळलं होतं. हळूच मला म्हणाला, "गारुफालिया, पक्कं ना? पाण्यात घातल्यावर मागे घेता येत नाही." मी म्हटलं, "फादर, ऐकू आलं नसेल तर मोठ्यानं सांगते." आणि मोठ्यानं सांगितलं. मागून कुणीतरी "अगं बाई!" केलं. पोलिख्रोनिसनं छातीवर क्रॉसची खूण केली.

पापा-फोटिसनं बाळाला उचललं. तेलानं निसटत होतं, मी खालून त्याचे म्हातारे हात धरून ठेवले. पहिल्यांदा बुडवलं. "देवाचा सेवक असिमाकिस याचा बाप्तिस्मा होत आहे." आवाज निघेना त्याचा. दुसऱ्यांदा जरा निघाला. तिसऱ्यांदा पापा-फोटिस असा ओरडला की बाळही दचकून गप्प झालं. काय झालं त्याला ठाऊक नाही. देवळातून बाहेर पडताना मला म्हणाला, "तुझ्या भावानं माझ्या नाती शाळेत नेल्या." एवढंच.

पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. माझं सगळं लक्ष दाराकडे. पोरं सुटली होती. रीत तुला ठाऊक आहे, जो आधी पोचून आईला नाव सांगेल त्याला नाणं. तू आणि असिमाकिस असेच धावायचात. पोलिख्रोनिसचा नातू सगळ्यांत पुढे, त्याच्या मागे सगळी टोळी, चौकातून नुसता एकच गलका, "असिमाकिस! काकू, असिमाकिस! असिमाकिस फ्लेगास!" ते नाव या चौकात इतक्या मोठ्यानं मी आयुष्यभर फक्त शापातच ऐकलंय, मान्थोस. आता दानाई काय करेल? पाठ फिरवून निघून गेली तर? पोराची आई आहे, तिचा हक्क आहे. मी बाळाला टॉवेलात गुंडाळलं, तुझ्याच टॉवेलात, दुसरा नव्हता, आणि बाहेर आले.

दानाई झाडाखालून उठली. पोलिख्रोनिसचा नातू समोर उभा, धापा टाकत, हात पुढे. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खिशातून नाणं काढलं आणि त्याच्या मुठीत दाबलं. म्हणाली, "पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

आणि त्यानं सांगितलं रे. देदूसिसाच्या पोरानं, छाती फुगवून.

मग ती माझ्याकडे आली, बाळ माझ्या हातातून घेतलं, तेलकट, रडून लाल झालेलं. त्याच्या नाकाला नाक लावून म्हणाली, "असिमाकिस. चल राजा, पुढचा थांबा घर."

मी भिंतीला टेकून रडले, सगळ्या गावासमोर, तोंड झाकलं नाही. बघू देत.

गारुफालिया फ्लेगा